चाकातली घरघर : टायर की बेअरिंग?

प्रश्न : माझ्याकडे २०१६ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक असून ती आजवर ७८ हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या दोन महिन्यांपासून ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेले की खालून ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ लागतो आणि महामार्गावर तो इतका वाढतो की मागे बसलेल्यांशी मोठ्याने बोलावे लागते. एका गॅरेजमध्ये टायर खराब झाल्याचे सांगितले, तर दुसऱ्या ठिकाणी पुढची दोन्ही बेअरिंगे बदलावी लागतील असे सांगितले. गेल्या पावसाळ्यात एकदा गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागली होती, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी खात्री करता आली तर हवी आहे. जॅक, पाना आणि थोडी हौस एवढे माझ्याकडे आहे.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण ज्या दोन गॅरेजांत गेलात त्यांपैकी कोणी आपल्याला फसवत होते असे मी लगेच म्हणणार नाही, कारण असमान झिजलेला टायर आणि खराब होत चाललेले बेअरिंग यांचे आवाज एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की मुरलेला मिस्त्रीही एका फेरीत चकतो. त्यातच चाकाजवळ निर्माण झालेला आवाज सस्पेन्शनमधून गाडीच्या पत्र्यात उतरतो आणि भलत्याच कोपऱ्यातून ऐकू येतो. मी स्वतः एकदा कानावर भरवसा ठेवून पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग काढले, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर (दाबयंत्रावर) नवे बसवून आणले, दिवसभर खपून सगळे जोडले आणि संध्याकाळी शिरोलीच्या पुलापर्यंत जाऊन पाहिले, तर आवाज जसाच्या तसा होता. दोष मागच्या उजव्या चाकात निघाला. काढलेले जुने बेअरिंग पुढे कित्येक दिवस माझ्या टेबलावर कागद दाबायला होते आणि ते बोटाने फिरवले की अगदी लोण्यासारखे फिरायचे.

आधी आवाज कशाचा असतो ते पाहू. आपल्या गाडीसारख्या चाकाचा घेर सुमारे दोन मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगात ते मिनिटाला ५०० फेरे मारते. चाक ज्याच्या आधाराने फिरते त्या बेअरिंगच्या आतील पोलादी कड्यांवर गोळ्या धावतात ती वाट आरशासारखी गुळगुळीत असते. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढा जरी खड्डा पडला, तरी प्रत्येक फेऱ्यात अनेक गोळ्या त्यावरून जातात आणि हे बारीक ठोके एकात एक मिसळून सलग घरघर ऐकू येते. म्हणूनच हा आवाज चाकाच्या वेगाशी बांधलेला असतो, इंजिनाच्या वेगाशी नव्हे.

पाण्याबद्दलची आपली शंका रास्त आहे. बेअरिंगचा मध्य जमिनीपासून जेमतेम फूटभर उंचीवर असतो, म्हणजे गुडघाभर पाण्यात ते पूर्ण बुडते. चालून तापलेले बेअरिंग एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. तेथे ते ग्रीसमध्ये घोटले जाऊन ग्रीस दुधाळ होते, वंगण म्हणून कमजोर पडते आणि पोलादावर गंजाचे बारीक ठिपके उमटतात. आवाज मात्र त्या दिवशी येत नाही. ठिपक्यांचे खड्डे व्हायला काही आठवडे, कधी काही महिने जातात आणि तोवर मालक ते पाणी विसरलेला असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी आणि मग ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की कोल्हापूरकर पुराची गणिते मांडू लागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर महामार्गही बंद पडला होता. पण बेअरिंगला महापूर लागत नाही, ओढ्यावरून वाहणारे एका रात्रीचे पाणी पुरते. तरीही पाण्यातून गाडी गेली होती एवढ्यावरून बेअरिंगच गेले असा निष्कर्ष काढू नये. तो संशय आहे, पुरावा नव्हे.

आता तपासणीकडे येऊ. पहिली तपासणी जॅक न लावता करायची आहे. सकाळी लवकर, रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर गाडी ताशी ६० पर्यंत न्या, ॲक्सिलरेटर सोडा आणि गिअर न्यूट्रलला आणा. मात्र चावी बंद करू नका, कारण इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते. इंजिन मंद झाल्यावरही घरघर चालू राहिली आणि गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत गेली, तर दोष इंजिन किंवा क्लचमध्ये नसून चाकांच्या बाजूला आहे. याच फेरीत डांबरी रस्ता संपून काँक्रीटचा पट्टा लागतो तेथे कान द्या. रस्ता बदलताच आवाजाची जात स्पष्टपणे बदलली तर टायरवर संशय धरावा. खालचा रस्ता कसाही असला तरी आवाज आपला एकसुरी राहिला तर बेअरिंगवर.

टायरची खात्री हाताने होते. पुढची चाके एका बाजूला पूर्ण वळवून गाडी बंद करा आणि टायरच्या नक्षीवरून तळहात आधी एका दिशेने, मग उलट दिशेने फिरवा. एका दिशेने हात सहज सरकला आणि उलट दिशेने रबराच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या अडल्या, किंवा ठराविक अंतरावर वाटीसारखे खोलगट भाग लागले, तर तो टायर आवाज करणारच. आधी कापडाने माती पुसावी आणि हात सावकाश फिरवावा, कारण झिजलेल्या टायरमधून तार बाहेर आलेली असू शकते. शंका उरलीच तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून दोन दिवस गाडी चालवावी. आवाजाने जागा किंवा सूर बदलला तर बेअरिंगे बदलण्याचा खर्च वाचला, मात्र टायर असे का झिजले हे शोधण्यासाठी अलाइनमेंट आणि शॉक ॲब्सॉर्बर पाहावे लागतील.

टायर निर्दोष वाटले, तर आवाज कोणत्या बाजूचा ते वळणावर पाहायचे. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर जातो आणि डावीकडे वळताना उजव्या चाकांवर. त्यामुळे उजवीकडे वळताना घरघर वाढून डावीकडे वळताना ती कमी होत असेल, तर डाव्या बाजूचे बेअरिंग संशयित ठरते. यासाठी ताशी ५० ते ६० वेगात घेता येईल असे लांबलचक, सैल वळण लागते. पन्हाळ्याच्या घाटात ही परीक्षा करायला जाऊ नये. तिथे वेग तिशीच्या पुढे जात नाही आणि दुसऱ्या गिअरमध्ये ओरडणाऱ्या इंजिनापुढे बेअरिंगचे काही ऐकू येत नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी नागमोडी हेलकावत चाचणी घेण्याचा सल्लाही काही जण देतात. तो मी देणार नाही, कारण मागून भरधाव येणाऱ्या ट्रकवाल्याला आपण चाचणी घेत आहात हे कळत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे आजच्या बेअरिंगांत गोळ्यांच्या दोन रांगा असतात आणि वळणावर त्यांतील एका रांगेवर जास्त भार येतो. खराब रांग नेमकी दुसरी असली तर ही खूण उलटीही दिसू शकते. माझी फजिती झाली त्यामागे हेही एक कारण असावे.

यानंतर जॅक. जागा सपाट आणि टणक असावी, उतारावर किंवा पावसाने भिजलेल्या मातीवर हे काम करू नये. पुढचे चाक उचलताना हँडब्रेक ओढून मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी पाचर लावावी. मागचे चाक तपासताना हँडब्रेक सोडावाच लागतो, नाहीतर चाक फिरणार नाही. म्हणून त्या वेळी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना पाचर लावावी. गाडीबरोबर मिळालेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरताच असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोके, हात किंवा पाय कधीही घालू नये आणि उचललेली गाडी लोखंडी स्टँडवर टेकवल्याशिवाय पुढचे काही करू नये. या एका बाबतीत मी हौशी वाचकांशी भांडायला तयार आहे.

चाक अधांतरी झाले की (पुढचे असेल तर गिअर न्यूट्रलला आणून) एका हाताने ते फिरवा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर अलगद टेकवून ठेवा. स्प्रिंगचा वेढा हा येथे डॉक्टरच्या स्टेथोस्कोपचे काम करतो. चांगले बेअरिंग असेल तर बोटांना काहीच जाणवत नाही. खराब असेल तर जात्यात चार खडे राहिल्यासारखी बारीक खरखर थेट बोटांत येते, मग कानाला ती ऐकू न आली तरी चालेल. डिस्क ब्रेकचे पॅड किंचित घासून प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘स्स’ असा आवाज येतो, तो दोष नव्हे. चारही चाके अशी तपासून पाहावीत, कारण एकट्या चाकावरून निर्णय करणे अवघड असते आणि तुलनेत फरक लगेच कळतो. हाताने चाक पुरेसे फिरत नाही म्हणून एक चाक उचलून इंजिनाने फिरवण्याचा मोह काहींना होतो. दोन चाकांत इंजिनाची गती वाटणाऱ्या डिफरन्शियलमुळे असे एकटे अधांतरी चाक नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरते आणि गाडी जॅकवरून उडी मारू शकते. घरी हे करू नये.

मग खेळ, म्हणजे चाकाचा ढिलेपणा, पाहायचा. चाक हे घड्याळ समजून एक हात १२ वर आणि दुसरा ६ वर ठेवा आणि वरून ढकलत खालून ओढा, मग उलट करा. ‘टक्’ असा धक्का जाणवला तर खेळ आहे. हात ३ आणि ९ वर ठेवूनही तसेच करा. धक्का फक्त ३ आणि ९ वर येत असेल, तर पुढच्या चाकात बहुधा स्टिअरिंगच्या टायरॉडचे टोक झिजलेले असते. दोन्हीकडे येत असेल तर बेअरिंगवर संशय घट्ट होतो. तरीही १२ आणि ६ वरचा खेळ सस्पेन्शनच्या खालच्या बॉलजॉइंटचाही असू शकतो. हे वेगळे करण्यासाठी घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. ब्रेकमुळे डिस्क आणि नकल (बेअरिंग ज्यात बसते तो सांगाडा) एकमेकांना जखडले जातात. आता खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा होता, आणि राहिला तर सस्पेन्शनच्या सांध्यांचा. मात्र खेळ नाही म्हणून बेअरिंग चांगले असे समजू नये. आवाज आधी येतो, खेळ बराच उशिरा.

पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यानंतर चारही हबांजवळ (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाजवळ) तळहात नेऊन उष्णता ताडून पाहणे हीदेखील एक पूरक खूण आहे, पण अडकलेल्या ब्रेकमुळेही एकच चाक तापते. शिवाय हबला थेट हात लावल्यास भाजेल. कोरोनाच्या काळात घेतलेली ताप मोजायची बंदूक यासाठी बाहेर काढू नये, कारण तिची मोजण्याची मर्यादा बहुधा तापापुरतीच असते.

निदान पक्के झाल्यावर घाई किती करायची? नुसती घरघर असेल आणि खेळ नसेल, तर गावात सावकाश वेगाने चालवत आठवडाभरात काम करून घेता येईल. खेळ जाणवत असेल, घरघरीची खरखर झाली असेल किंवा ब्रेकचा पहिला दाब खोल जात असेल, तर गाडी महामार्गावर मुळीच नेऊ नये. डगमगणारी डिस्क ब्रेकचे पॅड मागे ढकलते, म्हणून ब्रेक असा पोकळ लागतो.

दोन्ही बाजूंची बेअरिंगे जोडीने बदलावीत हा आग्रह मला पटत नाही. जे गेले ते बदलावे आणि दुसरे बोटांनी तपासून ठेवावे. दोन्ही बाजू सारख्याच पाण्यात बुडाल्या असतील तर मात्र दुसरीवर पुढचे काही महिने कान ठेवावा. पुढचे बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवण्याच्या प्रकारचे असेल, तर काढणे-बसवणे घरी जमणारे नाही, प्रेसच लागतो. उद्यमनगरात तो सहज मिळतो, पण काम कसे होते हे उभे राहून पाहा. नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच पडला पाहिजे, आणि हब बसवताना आतल्या कड्याला खालून आधार असला पाहिजे. दाब गोळ्यांमधून गेला किंवा हातोडीने ठोकले, तर गुळगुळीत वाटेवर पहिल्याच दिवशी खळगे पडतात आणि नवे बेअरिंग महिन्याभरात वाजू लागते. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) आणि ॲक्सलचा नट नवा घ्यावा, नट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावा, आणि तो नीट आवळेपर्यंत त्या चाकावर गाडीचा भार टाकू नये.

आपण गाडीच्या बाहेर डोकावणारी रुंद अलॉय चाके बसवली असतील तर तेही सांगायला हवे होते. भार जितका बेअरिंगपासून बाहेर, तितकी त्यावर तरफ जास्त. गोळ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की त्याचे हिशेबी आयुष्य एक-अष्टमांश होते, हे सूत्र अभियंते रोज वापरतात.

प्रश्न : आमच्या शेतावर जुनी जीप आहे. पुढचे चाक हलवले की स्पष्ट खेळ लागतो, पण आवाज काहीच नाही. आपल्या म्हणण्याप्रमाणे आवाज आधी यायला हवा. मग हे कसे?
– एक वाचक, ता. कागल

उत्तर : मी वर जे लिहिले ते आजच्या सीलबंद बेअरिंगांविषयी आहे. आपल्या जीपच्या पुढच्या हबमध्ये शंकूच्या आकाराच्या रोलरची दोन बेअरिंगे समोरासमोर बसवलेली असतात आणि त्यांच्यातील खेळ नटाने कमी-जास्त करता येतो. त्यामुळे खेळ असला म्हणजे ती गेलीच असे नाही, ती केवळ ढिली झालेली असू शकतात. आधी ब्रेक दाबून चाक हलवून पाहा. तरीही हलले तर खेळ किंगपिनचा (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते त्या खिळीचा) आहे आणि नट आवळून काही होणार नाही.

खेळ बेअरिंगचाच निघाला तर नुसते आवळू नका, एकदा हब उतरवाच. रोलर रॉकेलने धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून उजेडात धरा. पृष्ठभाग सारखा चकचकीत असेल तर ठीक, पण निळसर झाक, गंजाचे ठिपके किंवा खवले उडाल्यासारखी जागा दिसली तर कडे आणि रोलर दोन्ही बदला. ग्रीस भरताना ते वरून चोपडू नये. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यावा आणि बेअरिंगची रुंद बाजू त्याच्या कडेवर दाबत राहावी. रोलरांच्या मधून पलीकडे ग्रीसचे दोरे बाहेर येऊ लागले म्हणजे भरले. जोडताना चाक फिरवत-फिरवत आतला नट थोडा अडथळा जाणवेपर्यंत आवळावा, मग सुमारे एक-षष्ठांश फेरा ढिला करावा, लॉक वॉशर घालून बाहेरचा नट आवळावा आणि वॉशरची कड वाकवावी. जास्त घट्ट बेअरिंग तापून जळते. किंचित खेळ राहिलेला परवडतो.

प्रश्न : मागच्या महिन्यात गाडीच्या एका चाकाचे बेअरिंग बदलले. आवाज गेला, पण तेव्हापासून एबीएसचा (ब्रेक मारताना चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागून राहतो. गॅरेजवाले म्हणतात की दोन्हींचा काही संबंध नाही.
– एक वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : संबंध बहुधा आहे. अनेक नव्या बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि सेन्सर तिच्यावरून चाकाचा वेग वाचतो. बेअरिंग उलटे बसवले, तर ती पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते. बेअरिंग उत्तम फिरते, आवाजही येत नाही, पण त्या चाकाचा वेग संगणकाला कळत नाही. पट्टीची बाजू साध्या डोळ्यांना ओळखू येत नाही. हलकी पोलादी क्लिप जवळ नेली की ती त्या बाजूला किंचित ओढली जाते. जोरदार लोहचुंबक मात्र जवळ आणू नये, त्याने पट्टी बिघडते.

त्यापूर्वी स्कॅनर लावून दोष नेमका त्याच चाकाचा नोंदला आहे का ते पाहून घ्या, कारण काम करताना सेन्सरची वायर ताणली जाणे किंवा त्याच्या टोकाला लोखंडी भुकटी चिकटणे हेही घडते आणि ते स्वस्तात निस्तरते. बेअरिंग उलटे बसल्याचे निघाले तर तेच काढून पुन्हा बसवू देऊ नका. काढताना ओढीचा भार गोळ्यांवरूनच जातो, म्हणून नवेच घालावे लागेल आणि तो खर्च ज्यांनी उलटे बसवले त्यांनी सोसायचा आहे. दिवा लागलेला असेपर्यंत साधा ब्रेक चालू असला तरी एबीएस बंद आहे असे धरून, विशेषतः ओल्या रस्त्यावर, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवून चालवावे.